खिंडीच्या चित्रातले पळणारे

चित्रकार बाळाराम मास्तर गेल्या महिन्यात सोमवारी सकाळी कडाव येथे राहत्या घरी वारले. कर्जतला दूध घालायला आलेल्या त्यांच्या शेजाऱ्याकडून मला बातमी कळली.

मुंबईत चित्रकला शिकून ते महायुद्ध संपले त्या सुमारास गावी परतले. पोटापुरते काम सावकार-इनामदारांच्या तसबिरींचे मिळे. त्यांना मात्र इतिहास रंगवायचा होता, आणि तोही इथला. उंबरखिंडीत मोगली फौज कोंडली गेली, त्या लढाईचे भिंतीएवढे चित्र त्यांनी हाती घेतले. ते गावच्या देवळाच्या मंडपात लागावे, एवढी त्यांची इच्छा होती.

माणूस समोर बसवल्याशिवाय ते चेहरा रंगवीत नसत. मावळे व्हायला कडावचे शेतकरी आणि डोंगरातल्या ठाकूरवाडीची माणसे हौसेने आली. मोगल व्हायला कोणी तयार होईना. गावचे पंच धर्मा पाटील म्हणाले, “पोराचं लगीन जमवायचं हाय, मास्तर. बाप पळताना दिसला तर पोरगी कोण देईल?” ठाकूरवाडीच्या काळूला मास्तरांनी प्रेत म्हणून निजायला सांगितले. तो म्हणाला, “जित्यापणी मड्यावानी निजू? नाय बाबा. तुमीच निजा की!”

मास्तर निजले. पत्नी सगुणाबाई आरसा धरून उभ्या राहत. “हसू नका हो, मेलेला माणूस हसतो काय?” असे त्यांना वारंवार बजावावे लागे... पळणारे, पडलेले, शरण आलेले, सगळे मोगल अखेर मास्तरांच्याच चेहऱ्याचे झाले.

पंचांनी चित्र नाकारले. देवापुढे मडी नकोत. ती पुसली तर लावू, असे पाटलांनी सांगितले. “मग लढाई कसली?” एवढेच मास्तर म्हणाले. चित्र घरातच राहिले. दरवर्षी भातकापणी आटोपली की ते पंचांना विचारीत आणि नकार घेऊन परत येत. आमच्या शेवटच्या भेटीत ते खुशीत होते. “यंदा पाटील नाही म्हणायच्या आधी जरा थांबला...”

दिवसकार्य झाल्यावर देवळात शोकसभा ठरली. हार घालायला तसबीर हवी म्हणून पंच मास्तरांच्या घरी आले. दुसऱ्यांच्या तसबिरी रंगवण्यात आयुष्य गेलेल्या मास्तरांची स्वतःची एकही नव्हती, फोटोही नव्हता. सगुणाबाईंनी लढाईच्या चित्राकडे बोट दाखवले. पंच एकमेकांकडे पाहू लागले.

“पळताना का होईना, मास्तर आपलाच हाय,” धर्मा पाटील म्हणाले. “उचला रं.”

चित्र मंडपात आणले. हार कोणत्या मास्तरांना घालायचा यावर थोडा वाद झाला. पाटलांनी तो चौकटीलाच घातला. सभा संपल्यावर चित्र काढा, असे कोणी म्हणाले नाही. गेल्या आठवड्यात पंचांनी सुतार बोलावून ते भिंतीला पक्के करून घेतले.