बैलाला कळंल तेवढंच

"बैलाला कळंल तेवढंच बोलावं. त्याच्या वरचं बोलणं म्हंजी वारं."

हे छगनचं वाक्य. ग्रामसभेत कुणाचं भाषण लांबलं की तो हे म्हणे, कीर्तनात बुवा संस्कृतात शिरले की म्हणे, आणि त्याची बायको बनुबाई माहेरची हकिगत सांगू लागली की हमखास म्हणे. बनुबाई त्यावर शांतपणे उत्तर देई, "म्हणून तर तुमच्याशी बेतानंच बोलते."

बोलण्यात छगन असा कंजूष; पण पेरणीचा तास, म्हणजे बियाची ओळ, सरळ धरावा तर त्यानंच. पेरलेली ज्वारी उगवून आली की त्याच्या बांधावर उभं राहावं, नजर एका टोकाला सोडावी आणि ती कुठंही न अडखळता दुसऱ्या टोकाला निघावी. जामखेडच्या अंगाला आमच्या भागात नवशिक्या पोराला बाप अजून म्हणतो, जा, छगनच्या रानात बघून ये. या एका गोष्टीचा छगनला गर्व होता, आणि तो खोटा नव्हता.

त्याच्या बांधाला बांध आमोसचा. आमोस रविवारी चर्चला जातो, छगन सोमवारी महादेवाला, आणि उरलेल्या दिवसांत दोघं बैलांची सेवा करतात. बैल दोघांकडे एकेकच. आमोसचा खैऱ्या, छगनचा मोऱ्या. एकाच्या रानात काम निघालं की दुसऱ्यानं आपला बैल द्यायचा आणि जोडी पुरी करायची. याला आमच्याकडे वारंगुळा म्हणतात. माणसांचं जमो न जमो, बैलांचं जमावं लागतं.

आमोसला इंग्रजी लागलं ते नातीमुळं. त्याचा मुलगा डॅनी पुण्याला असतो, आणि डॅनीची मुलगी एंजल दर रविवारी आजोबाला फोन करते. एकदा तिला खूश करावं म्हणून आमोस म्हणाला, "येस्टर्डे आय गो जामखेड." पोरगी इतकी हसली की फोन तिच्या आईला धरावा लागला. मग तिनंच सांगितलं, बाबा, जायचं असेल तर गो, काल गेलात तर वेंट, आणि गेलेलं माणूस अजून तिकडंच असेल तर गॉन. पुढच्या रविवारी विचारीन.

आमोसला अभ्यासाला वेळ कुठला? दिवसभर तो ढेकळं फोडत कुळवामागं. म्हणून त्यानं अभ्यास कुळवालाच जुंपला. तास सुरू करताना म्हणायचं, "आय गो." बांधाशी पोचून वळताना म्हणायचं, "आय वेंट." आणि संध्याकाळी जू उतरवताना, दिवसभराचा घाम पुसत, "आय हॅव गॉन." आमच्या बांधावर मी जेवायला बसलो की हे सगळं ऐकू यायचं. ऐकायला वाईट नव्हतं. भूपाळीसारखं म्हणायचा.

छगननं त्याची पारावर यथेच्छ टिंगल केली. म्हणाला, आमोस आता खैऱ्याला कोट शिवणार हाय. वर चारचौघांत सांगून टाकलं, आमोसनं त्याच्या रानात काय बोलायचं ते बोलावं, माझ्या बांधाच्या आत इंग्रजी यायची न्हाई.

पण त्याच पावसाळ्यात छगनची कंबर धरली. तो खाटेवर पडला आणि त्याच्याही रानातल्या कुळवाच्या पाळ्या आमोसनंच घातल्या. पडल्या पडल्या छगननं बजावलं होतं की माझ्या रानात मराठीत हाक. आमोसनं मान डोलावली. मान डोलावण्यात त्याचं काही जात नव्हतं.

हस्त नक्षत्राचा, आमच्याकडचा हत्तीचा, पाऊस पडला, वर ऊन पडलं आणि रानाला वाफसा आला. माती मुठीत घेतली की लाडू होई, टाकली की फुटे. असा वाफसा दोन-तीन दिवस टिकतो. तो चुकला की वर्षाची भाकरी चुकते आणि बैलाचा कडबाही. गावातले ट्रॅक्टर तर मोठ्या रानांत अडकलेले, आणि टेकाडाखालच्या छगनच्या पट्टीत ट्रॅक्टर वळतही नाही. छगन कंबरेला पंचा आवळून उठला. आमोस म्हणाला, पेरायची पाभर मी धरतो. छगन म्हणाला, पेरणीच्या दिवशी आपल्या रानाचा कासरा दुसऱ्याच्या हाती देत न्हाईत. ते खरंच आहे, आमच्याकडे देत नाहीत.

बनुबाई बी सोडायला पाभरीमागं उभी राहिली. छगननं जीभ टाळूला लावून टकटक केली. बैल उभे. त्यानं कासरा झटकला. खैऱ्यानं कान हलवले आणि मोऱ्याकडं बघितलं. छगननं चाबूक उगारला तसे दोघं एकदम उसळले आणि पाभर तिरकी गेली. बांध आला तरी वळेनात; वळायचा शब्द आला नव्हता. सरळ बांधावर चढले आणि गवत खाऊ लागले. छगननं ओढून वळवले तर परतीचा तास पहिल्याला जाऊन भिडला. तिसऱ्या तासाचं तर मी सांगतच नाही. नदीलासुद्धा इतकी वळणं नसतात.

छगन थांबला आणि मागं वळून पाहिलं. हे तीन तास उगवणार होते, उगवून चार महिने उभे राहणार होते, आणि येणारा जाणारा ते बघणार होता.

बनुबाई बी सोडायच्या चाड्यावर हात ठेवून म्हणाली, "अवं, त्यांना कळंल तेवढंच बोला की."

छगननं कासरा पाभरीला अडकवला. बैल तसेच उभे ठेवून तो बांध ओलांडून आमोसच्या बाभळीखाली गेला. मी तिथंच होतो. आधी त्यानं तंबाखू मागितली. मग बराच वेळ मळली. मग म्हणाला, "ते तुझं काय हाय ते सांग."

आमोसनं हसू गिळून सांगितलं. गो म्हटलं की निघत्यात, वेंट म्हटलं की वळत्यात.

"गोचं वेंट कसं काय झालं?" छगन म्हणाला. "दोघांची सोयरीक तरी दिसती का कुठं?"

"आपलं तरी काय? जातो म्हणतो अन् काल गेलो म्हणतो. जाचं गेलो कधी झालं, तुला कुणी शिकवलं?"

छगननं विचार केला. "ते आपलं हाय," तो म्हणाला. "अन् ते तिसरं? गॉन?"

"गेला हाय, अजून आलेला न्हाई. त्याला गॉन."

"म्हंजी तुझा डॅनी."

आमोसनं टेकाडाकडं बघितलं. "व्हय," तो म्हणाला. "डॅनी हॅज गॉन." मग खाकरून म्हणाला, "पन ते मधीच म्हणू नगंस. त्याला बैल थांबत्यात."

छगन परत गेला. पाभरीशी उभा राहिला, आजूबाजूला बघितलं, आणि एखादी शिवी द्यावी तसा म्हणाला, "गो."

बैल निघाले. पाण्यावरून नाव जावी तसे. बांधाशी छगन अडखळला आणि तोंडात आलं ते गॉन. दोघं जागच्या जागी थांबले आणि जू उतरवायची वाट बघू लागले. बनुबाईनं पदर तोंडावर घेतला. आमोसनं लांबून हात फिरवून दाखवला. "वेंट," छगन म्हणाला, आणि जोडी वळली. पुढं तो न चुकता म्हणत गेला. दुपार उतरेपर्यंत त्याचा आवाजही मोकळा झाला. शेवटच्या तासांना तर चाल लागली होती. वाफसा असतानाच रान पेरून झालं.

आठवड्यानं ज्वारी तरारून आली. बांधाजवळचे तीन तास नागमोडी, आणि चौथ्यापासून पुढं सगळे दोरी लावल्यासारखे. बघायला माणसं जमली. राधाकृष्ण, ज्याला छगनची पारावरची प्रतिज्ञा शब्दन् शब्द पाठ होती, त्यानं मोठ्या काळजीनं विचारलं, "छगनभाऊ, हे तीन असं कसं झालं म्हणायचं?"

छगन मोऱ्याचा कासरा हातात घेऊन उभा होता. त्यानं त्या तीन तासांकडं बघितलं, मग बांधापलीकडं आमोसकडं बघितलं.

"ते मराठीत पेरल्यात," तो म्हणाला.

मग त्यानं मोऱ्याच्या पाठीवर थाप मारली, एक शब्द हळूच म्हणाला, आणि दोघं गाडीवाटेनं घराकडं निघाले. माणसं हसत पांगली. बनुबाई, आमोस आणि मी बघत राहिलो. बाभळीला बांधलेल्या खैऱ्याला तो शब्द एवढ्या लांबून ऐकू आला असावा. त्यानं दाव्याला एक हिसका दिला, आणि छगन टेकाडाआड होईपर्यंत तो मान उंच करून तिकडंच बघत होता.