झाकण किलकिलं

आमच्या प्रयोगशाळेत जंतूंचा स्वयंपाक करायच्या त्या प्लेटवाल्या मावशी. जंतूंच्या खाण्याची जेली उकळायची, काचेच्या प्लेटांत ओतायची, वीस वर्षं हेच काम. माझी पीएचडी व्हायला अवकाश होता, तरी पहिल्या दिवसापासून मला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत. हसावं की रागवावं, मला कळायचं नाही.

माझा विषय भांडखोर जंतू. शेजारचा परका जंतू अंगाला खेटला की हे विषाचा भाला जुळवून त्याला भोसकतात. भाला बनवणं महागात पडतं, म्हणून उगाच काढत नाहीत. नेमका कधी काढतात, हे शोधण्यात माझी तीन वर्षं गेली होती. आणि अचानक भांडणच बंद पडलं. मार खाणारे जंतू निळ्या दिव्याखाली हिरवे चमकत. ते मरायचे सोडून प्लेटभर मजेत चमकू लागले.

“शुक्रवारपर्यंत मारामारी दाखव, नाहीतर विषय बदल,” सर म्हणाले. मी जनुकं तपासली, नवे जंतू आणले, एकदा रडूनही घेतलं.

बुधवारी मावशी टाकाऊ प्लेटा न्यायला आल्या. एक खिडकीशी धरून म्हणाल्या, “यांना पोहायला सोडलंय का?”

“म्हणजे?”

“झाकणाला पाणी, जेलीवर पाणी. मी झाकण किलकिलं ठेवून अर्धा तास सुकवायचे. धूळ बसते म्हणून तुम्हीच बंद करायला लावलंत.”

“मग तेव्हाच बोलायचं ना.”

“बोलले. तुमच्या कानात वायरी होत्या. अहो, माझी जाऊ वरच्या मजल्यावर होती तोवर आमचं गोडीगुलाबीचं. एका ओट्याशी आलो, कोपराला कोपर लागलं, की सुरू.”

मी खजील झाले. पाण्यात हे जंतू सुटे सुटे तरंगत होते; कुणी खेटतच नव्हतं, तर भाला काढणार कशाला?

त्याच दुपारी मावशींनी प्लेटा सुकवल्या, मी दोन्ही जंतू एकत्र सोडले. शुक्रवारी सकाळी निळ्या दिव्याखाली अंधार, एकही हिरवा ठिपका नाही. सरांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. विषय वाचला.

प्रबंध छापून आला तेव्हा मी मावशींना ती ओळ वाचून दाखवली: ‘प्लेटा झाकण किलकिलं ठेवून अर्धा तास सुकवल्या.’

“माझी वीस वर्षं एका ओळीत बसवलीत की.”

“बाकीची दोनशे पानं त्याच ओळीवर उभी आहेत, मावशी.”

त्यांनी प्रबंध माझ्याकडून घेऊन त्या ओळीवर बोट फिरवलं. मग तो मला परत देत म्हणाल्या, “तर मग आणखी एक ओळ घाला, डॉक्टरीणबाई: ‘कानातल्या वायरी काढून.’”