परक्या खिशातलं पेन

माझ्याकडे तेव्हा अकरा पेनं होती आणि जगातल्या एकाही माणसावर माझा विश्वास नव्हता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. ज्याच्याकडे एकच पेन असतं तो ते खिशाला अडकवून निर्धास्त हिंडतो. अकरा असली की माणूस रोज सकाळी दात घासायच्या आधी त्यांची हजेरी घेतो. हजेरी पूर्ण भरली तरी एखादं कोणी बदललं तर नाही ना, म्हणून झाकणं काढून बघतो.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. ब्रह्मपुरीला जंगलखात्याच्या डेपोत मी बाबू होतो आणि दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की गावच्या नाटकात खलनायक. दोन्ही कामं मला सारखीच आवडायची. माझ्या अकरा पेनांपैकी दहांबद्दल सांगण्यासारखं फार नाही, पण अकरावं राजा होतं. गोरा साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात ते मी घेतलं. काळ्या कडक रबराचं, अंगठ्याएवढं जाड, आत ड्रॉपरने शाई भरायची. लिलाव पुकारणारा म्हणाला होता की निब सोन्याची आहे. निबेवरची इंग्रजी अक्षरं झिजून गेली होती, त्यामुळे मीही तेच म्हणत आलो.

गावात पेनांचा दुसरा वेडा एकच, पोस्टमास्तर. पण त्याचा सगळा जीव नव्या पेनांवर. पोटात रबरी पिशवी असलेलं, बाजूची तरफ उचलली की आपोआप शाई पिणारं एक. कासवाने तोंड आत घ्यावं तशी निब लपवून फक्त टोक बाहेर ठेवणारं दुसरं. दर रविवारी पोस्टाच्या व्हरांड्यात आमची कुस्ती लागायची. एकच कागद, एकच दौत, मजकूर ठरलेला. 'मोहफूल, दोन गाड्या, नाक्यावर तपासून सोडणे.' झाकणं काढून पेनं उन्हात ठेवायची, चहा प्यायचा, आणि मग कोणतं पेन पहिल्या रेघेला लिहितं ते बघायचं.

"तुमचं हे पेन म्हंजे तोफ आहे जी बाबूजी," मास्तर म्हणायचा. "लिहाले घेतलं का आधी खांदा दुखते."

"आन् तुमचं कासव? कागद दिसला का तोंड आत घेते."

एका रविवारी त्यानेच सुचवलं की आठ दिवस पेनं बदलून वापरू. त्याशिवाय खरी तुलना होणार नाही. मी कासव घेतलं आणि राजा दिला. देताना तीनदा विचारलं, खिशाला अडकवाल ना, टेबलावर टाकणार नाही ना, दुसऱ्याला देणार नाही ना. तो म्हणाला, "तुमी मुलगी सासरी धाडून राह्यले का जी?"

आठव्या दिवशी पेन परत आलं. मी झाकण काढलं. निब पांढरी. टोकापासून मधल्या भोकापर्यंत कथलासारखी पांढरी, कडेला कुठे पिवळ्याची एखादी रेघ.

"गरम पाण्यात रातभर भिजवून ठेवलं, ब्रशनं घासलं," मास्तर आनंदाने सांगत होता. "किती मळ होता जी. आता पाहा कसं चमकते."

मी पेन खिशात टाकलं. लिहूनही बघितलं नाही. बदललेल्या निबेने लिहिणं म्हणजे चोराला पावती लिहून देणं, असं मला त्या क्षणी वाटलं. घरी येऊन पेन पुडीत बांधलं, पुडीवर तारीख टाकली आणि पेटीत ठेवलं. पुरावा.

मग मी विचार करायला बसलो, आणि सांगतो, संशयासारखी दुसरी करमणूक नाही. प्रत्येक गोष्ट जागच्या जागी बसत गेली. महिन्यापूर्वी त्याने विचारलं होतं, यात सोनं किती असंल जी. पेनं बदलायचं त्यानेच काढलं. आणि मास्तरीणबाईंच्या नाकात सोन्याची नवी फुली होती, ती मी याच हप्त्यात पाहिली.

"एवढ्याशा निबंत फुली व्हते का?" बायकोने विचारलं.

"नाकातली होते."

"तुमी दुसऱ्याच्या बायकोच्या नाकाकडे काऊन पाहून राह्यले, ते सांगा आधी."

मी तो विषय तिथेच सोडला आणि हॉटेलात गेलो. तिथे मी काय बोललो ते आता लिहायला लाज वाटते, पण बोललो मात्र झकास. नाव घेतलंच नाही. एवढंच म्हणालो की काही माणसांच्या हातात सोनं दिलं की त्याचं पोलाद होतं, घरात नवी फुली येते, आणि अशा हातांतून आपल्या मनिऑर्डरी जातात. भुवई कुठे उचलायची, कुठे थांबायचं, हे नाटकाने शिकवलं होतं. हॉटेलवाला भज्यांचा झारा हातात तसाच धरून ऐकत राहिला.

पुरावा पक्का करायला मी सोनाराकडे गेलो. त्याने निब काढून कसोटीच्या काळ्या दगडावर घासली. दगडावर करडी रेघ उमटली. त्याने ती मला दाखवली आणि हसला.

"हे सोनं नाई जी बाबूजी. लोखंडाची जात आहे."

किती आनंद झाला मला. आपलं सोनं गेल्याचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल.

पंधरा दिवसांत पोस्टाची खिडकी बदलून गेली. लोक तिकिटं आपल्या हाताने चिकटवू लागले. बायका मनिऑर्डरीच्या पावतीवरचं नाव दोन-दोनदा वाचून घेऊ लागल्या. आणि मग कोणीतरी वर निनावी अर्ज टाकला, पोस्टमास्तर लोकांच्या वस्तू बदलतो म्हणून. अर्ज मी केला नव्हता. गावात निम्म्यांना वाटलं मीच केला, उरलेल्यांना वाटलं करायलाच हवा होता.

नागपूरहून इन्स्पेक्टर आले. मला साक्षीला बोलावलं. मी पुडी घेऊन, धुतलेला सदरा घालून, रंगमंचावर एका बाजूने प्रवेश करावा तसा पोस्टात शिरलो. मास्तर टेबलाच्या कडेला उभा होता. स्वतःच्या ऑफिसात खुर्ची असून उभा. आरोप खरा ठरला तर त्याची नोकरी जाणार होती, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. म्हणजे माहीत होतं, पण त्याचा चेहरा बघून कळलं.

मी निब दाखवली, सोनाराचं म्हणणं सांगितलं. इन्स्पेक्टर लिहून घेत होते. तेवढ्यात मास्तर म्हणाला, "साहेब, मी त्या पेनानं एक ओळ लिहून दाखवू का?"

त्यांनी मान हलवली. मास्तरने शाई भरली आणि लिहायला घेतलं. निब कागदात रुतली, खरडली, शाईचा थेंब पडला, अक्षर फाटलं. इन्स्पेक्टरांनी घेऊन बघितलं, त्यांच्याही हातात तेच.

"आठ दिवस माह्या हातात अशीच चालली ही," मास्तर म्हणाला. "आता बाबूजीले लिहू द्या."

मला त्याचा डाव समजला. निब वर्षानुवर्षं एकाच हातात राहिली की त्या हाताच्या कलाने झिजते. मी पेन फार आडवं धरतो, डावीकडे झुकवून. तसं गावात कोणी धरत नाही. निब नवी असती तर ती माझ्याही हातात खरडली असती.

मनगट थोडं सरळ ठेवलं असतं तर काम झालं असतं. खरडून दाखवता आलं असतं, आणि नाटक मला येत होतं. मास्तर माझ्या मनगटाकडेच बघत होता. मी लिहिलं, 'मोहफूल, दोन गाड्या, नाक्यावर तपासून सोडणे.' लोण्यातून सुरी जावी तशी निब गेली. एकही अक्षर अडलं नाही.

"निब तुमचीच आहे," इन्स्पेक्टर म्हणाले. "मग सोनं गेलं कुठे?"

"सोनं नव्हतंच जी साहेब," मास्तर म्हणाला. "मुलामा होता. शाई कोणती भरता ते इचारा त्याइले."

शाई मी घरी करत होतो. डेपोत हिरड्याची पोती यायची, नमुन्याचे हिरडे पडून असायचे. ते कुटून लोखंडी कढईत भिजवायचे की काळीभोर शाई तयार. जंगलखात्यातले आम्ही सगळेच ती वापरायचो आणि विकतच्या शाईला हसायचो. त्या शाईने वर्षानुवर्षं मुलामा खाल्ला होता, आणि तिच्याच काळ्या थराने ते झाकूनही ठेवलं होतं. मास्तरने थर घासून काढला, एवढाच त्याचा गुन्हा.

जबानी मी त्याच पेनाने लिहून दिली आणि इन्स्पेक्टर त्याच दिवशी परत गेले. संध्याकाळी मी हॉटेलात उभा राहून सगळं उलट सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजात, मास्तरचं नाव घेऊन. लोकांनी भजी खात ऐकलं. मग हॉटेलवाल्याने हळूच विचारलं, "आपसात मिटवलं वाटते जी? अर्धी फुली तुमच्याकडे आली का?" तिकिटं लोक पुढे कितीतरी दिवस आपल्याच हाताने चिकटवत राहिले.

पुढच्या रविवारी मी पेनं घेऊन पोस्टात गेलो. येऊ देईल की नाही याची खात्री नव्हती. मास्तरने चहा मागवला, कागद मांडला, दौत मध्ये ठेवली. मी राजाचं झाकण काढून पेन त्याच्यापुढे धरलं.

"लिहून पाहा."

त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि वाकून निब नीट निरखली.

"तुमीच लिहा जी," तो म्हणाला. "मी इथूनच पाहतो."

त्याची बदली होईपर्यंत आमचे रविवार चुकले नाहीत. माझ्या पेनाला मात्र त्याने परत हात लावला नाही.