पानाच्या तळाची ओळ

सासूबाईंनी माझ्या दोन वर्षांच्या मुलीचं नाक चिमटीत धरलं होतं आणि मिठाच्या पाण्याचं भांडं तिच्या ओठाला लावलं होतं. मी शेजारीच जमिनीवर बसून एका जाड इंग्रजी ग्रंथाची मागची पानं उलटत होते. मुलीच्या अंगाला रॉकेलचा वास येत होता. ती खोकत होती आणि मधूनच तिचा श्वास अडकत होता.

"ओकव तिला आधी! पुस्तक कसलं चाळत्येस? पोर चाललंय हातचं!" सासूबाई ओरडत होत्या.

"भांडं खाली ठेव. तिला शोधू दे," कॉटवरून मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्याहून मोठ्यानं ओरडत होते. त्यांना डोळ्यांनी काही दिसत नव्हतं.

कंदिलात भरायची रॉकेलची बाटली मीच जमिनीवर ठेवली होती आणि मोरीत हात धुवायला गेले होते. चूक माझीच. मुलीच्या पोटात किती गेलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. डोंबिवलीतले आमचे डॉक्टर नेमके त्या दिवशी ठाण्याला गेलेले. नवरा मुंबईला कचेरीत. शेजारचे काका सायकलवरून कल्याणला दुसरे डॉक्टर आणायला निघाले होते.

मी शिकले मराठी चौथीपर्यंत. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. मामंजी सरकारी कचेरीत भाषांतराचं काम करीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी इंग्रजी वैद्यकाचे मोठाले ग्रंथ जमवले आणि त्यांवरून घरोघरी उपयोगी पडेल असं मराठी पुस्तक लिहायला घेतलं. तीन प्रकरणं झाली आणि दृष्टी गेली. मुलगे नोकरीला, सासूबाईंना अक्षरओळख नाही. उरले मी. लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं.

त्यांनी मला पाटीवर एबीसीडी शिकवली. मग दुपारची भांडी झाली की हाक यायची, "सूनबाई, बस." दोनपासून दिवेलागणीपर्यंत. समोर पाटावर तीन ग्रंथ आणि एक शब्दकोश. बाहेर ओट्यावर आळीतल्या बायका गहू निवडत, हसत, सगळ्यांची उणीदुणी काढत. मला आत सगळं ऐकू यायचं. मला तिथे बसायचं होतं.

मामंजींची पद्धत ठरलेली होती. ग्रंथ पहिल्या पानापासून वाचायचा नाही, त्यात शोधायचं. आधी शेवटची सूची बघायची. तिथे 'सी', म्हणजे 'पाहा', असं लिहून दुसरा शब्द दिला असेल तर त्या शब्दाकडे जायचं. मग पान काढायचं आणि परिच्छेद संपेपर्यंत थांबायचं नाही. अडलेला शब्द कोशात काढून त्याचे सगळे अर्थ वाचून दाखवायचे, त्यातला कुठला घ्यायचा ते मामंजी ठरवणार. एका ग्रंथात सापडलं की दुसऱ्यात पडताळून बघायचं. आणि पानाच्या तळाशी चांदणीची खूण करून बारीक अक्षरात काही छापलं असेल तर तेही सोडायचं नाही.

मी ते बारीक सोडून द्यायची. डोळे दुखायचे. एकदा पान फार लवकर उलटलं म्हणून त्यांनी पकडलं आणि सबंध प्रकरण पुन्हा वाचायला लावलं.

"मोठ्या अक्षरात नियम सांगतात. तो कुठे लागू नाही, ते खाली लिहितात. मी अर्धवट लिहिलं तर कुणीतरी जिवाला मुकेल, कळतंय का?"

"मग शिकलेलं माणूस बसवा की," मी म्हटलं.

ते हसले. "मला दुसरं कोण आहे? आणि तू तरी मला सोडून जाणार कुठे?"

खरंच होतं. माहेर लांब कोकणात. सासऱ्यांनी हाक मारली की नाही म्हणायची सोय नव्हती. नवऱ्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "बसून तर वाचायचं आहे. दळण थोडंच दळत्येस?" मी पुन्हा सांगितलं नाही. दोन वर्षांत मला ओळींमधले थोडेफार शब्द कळू लागले. गोडी वगैरे काही लागली नाही. मुलगी झाली तेव्हा बाळंतपणाचे दिवस तेवढे सुटले, मग ती मांडीवर आणि ग्रंथ पाटावर.

त्या दुपारी सूचीत शब्द कोणता शोधायचा, ते मामंजींनी सांगितलं. केरोसीन. सापडला. पुढे 'सी पेट्रोलियम'. तिकडे गेले, पानाचा आकडा मिळाला. माझे हात रॉकेलनं ओशट झाले होते, पानं चिकटत होती. पान निघालं. विषांची यादी, आणि खाली मोठ्या अक्षरात उपाय. पोटात विष गेलं असता ओकवावं. कोमट पाणी, मीठ. एवढं मला कळलं, आणि मी ते मोठ्यानं म्हटलं.

"बघा! मी काय सांगत्ये मघापासून?" सासूबाईंनी भांडं कलंडवलं. एक घोट तोंडात गेला. मुलीनं तोंड फिरवलं आणि तो बाहेर आला.

"चांदणी आहे का?" मामंजींनी विचारलं.

होती. तळाशी तीन ओळी. मी वाचल्या. 'एक्सेप्ट', मग ॲसिड, मग पेट्रोलियम. पुढच्या ओळीत 'नॉट'. मधला एक शब्द कधी पाहिलेला नव्हता.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा बदललेला दिसला.

"ओकवू नका म्हणतोय. थांब, दुसऱ्या ग्रंथात बघ."

सासूबाई दुसरा घोट पाजत होत्या. मी दुसऱ्या ग्रंथाला हात लावला नाही. त्या घरात मामंजींचं न ऐकण्याची ती माझी पहिली वेळ. मी सासूबाईंच्या हातावर फटका मारला. भांडं भिंतीवर जाऊन आपटलं. मुलीला ओढून घेतलं, कुशीवर धरलं आणि डॉक्टर येईपर्यंत कुणाला जवळ येऊ दिलं नाही. माझं चुकलं असतं तर मुलगी माझ्या हातात गेली असती, हे मला तेव्हाही कळत होतं. मधल्या त्या शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता.

कल्याणचे डॉक्टर टांग्यातून आले. छाती तपासली आणि म्हणाले, "ओकवलं नाहीत, बरं केलंत. ओकताना रॉकेल फुप्फुसात उतरतं. कुणी अडवलं?"

"मी," मामंजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलीला ताप भरला, छाती घरघरू लागली. आठ दिवस इंजेक्शनं चालली. तेवढ्यात सासूबाईंनी आळीत सांगून टाकलं, "सुनेनं माझ्यावर हात उचलला." कशासाठी उचलला, ते सांगितलं नाही. ओट्यावरच्या बायका त्यानंतर माझ्याशी जपूनच बोलत.

मला वाटलं होतं, आता तरी मामंजी दुसरं माणूस शोधतील. मुलीचा ताप उतरला त्याच दुपारी हाक आली.

"सूनबाई, कळलं ना आता, कशासाठी वाचायचं ते?"

या प्रश्नाला नाही कसं म्हणणार? त्यापूर्वी मी कंटाळा तरी दाखवू शकत होते. आता तोही दाखवता येईना. दोनऐवजी एकला बसू लागलो. विषांचं प्रकरण झालं, भाजण्याचं झालं, तापांची चार झाली. मधला तो शब्द मी पुढे कधी कोशात काढला नाही. मुलगी शाळेत जाऊ लागली, तिला पोचवून परत आले की ग्रंथ उघडलेलेच असत. असं आणखी चार वर्षं चाललं. मामंजी गेले तेव्हा पुस्तक निम्मं राहिलं होतं. छापलं कुणी नाही.

सासूबाई त्यांच्यानंतर सहा वर्षांनी गेल्या. त्या दुपारी त्या खोलीत आम्ही चौघं होतो. मुलगी जगली, तिला आता नातवंडं आहेत. आणि कुणी अडवलं ते सांगायला मी आहे.