चामराजपेटपर्यंतच पोहोचलेला कोट

गेले दोन महिने मी या ब्लॉगवर बर्फाच्या देशात राहायला जाण्याच्या गप्पा मारत होतो. तिकडच्या कंपनीचं पत्र आलं होतं. इथे राजीनामा देऊन झाला होता, मारतहळ्ळीतल्या घरातला फ्रीजसुद्धा शेजाऱ्यांना देऊन टाकला होता. प्रत्यक्षात मी पोहोचलो बेंगळुरूतल्याच चामराजपेटला. तोच प्रवास लिहितोय, आणि रागात लिहितोय, हे आधीच सांगतो.

बेत सोपा होता. सकाळी व्हिसा केंद्रात कागद आणि बोटांचे ठसे द्यायचे, मग मामाकडे जेवायला. मामा शिंपी आहे, तिसऱ्या पिढीचा बेंगळुरूकर. त्याने माझ्यासाठी लोकरी कोट शिवायला घेतला होता आणि शेवटचं माप बघायचं होतं.

मारतहळ्ळीहून के. आर. पुरमपर्यंत बसने गेलो, पुढे मेट्रो. टॅक्सीवाला सहाशे मागत होता आणि रिंग रोडवर बससारखाच अडकला असता. केंद्रात पिशवी नेऊ देत नाहीत, तेव्हा कागद साध्या फाइलीत न्या. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स लागतात. मी तीन नेल्या होत्या, पण त्यांचा उपयोग काय झाला ते पुढे वाचा.

खिडकीतल्या बाईंनी माझ्या गुणपत्रिका दोनदा मोजल्या. म्हणाल्या, आठ सेमिस्टर हवीत, इथे सहाच आहेत. मी समजावून सांगितलं. आमच्या निपाणीकडे हुशार मूल दहावीनंतर डिप्लोमाला जातं आणि मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात बसतं. बारावी करून जाणाऱ्याला दहावीनंतर सहा वर्षं लागतात, आम्हालाही सहाच. बाईंनी एक छापील कागद पुढे सरकवला. उच्च कौशल्याच्या कामगारांसाठीचे नियम त्याच आठवड्यात बदलले होते. पदवी पूर्ण चार वर्षांची हवी, डिप्लोमा धरणार नाहीत, अनुभवाची सवलतही बंद. अर्ज भरा हवं तर, पण नाकारला जाईल, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या.

त्यांचा काही दोष नाही. राग आला तो नियम करणाऱ्यांचा. बारा वर्षं मी त्याच देशातल्या बँकांचं सॉफ्टवेअर इथे बसून सांभाळतोय. तिकडच्या लोकांचे पगार त्यातूनच खात्यात जातात. तेव्हा माझी सेमिस्टर कुणी मोजली नव्हती! कौशल्य हवं, पण कौशल्य ज्याच्या अंगात आहे तो माणूस दारात नको, याला काय म्हणायचं?

मॅजेस्टिकला मेट्रो बदलून मार्केटला उतरलो. तिथून चामराजपेटला चालत जा, रिक्षावाले मीटर टाकत नाहीत. वाटेत फिल्टर कॉफी घेतली. तिची चव विचाराल तर मला सांगता येणार नाही.

मी तोंड उघडायच्या आत मामाने कोट माझ्या अंगात चढवला. "स्वल्प ताठ उभा राहा," म्हणत तो टाचण्या लावायला लागला. मी तसाच उभा राहून सगळं सांगितलं. त्याचा हात थांबला.

"तुझं काम रोज तिकडं जातंय न्हवं?" तो म्हणाला. "मग तूच का नको त्यांना?"

मामीने निरोपाची होळिगे केली होती, म्हणजे आपली पुरणपोळी. ती आम्ही खाल्ली. निघताना मी म्हटलं, कोट दुसऱ्या कुणाला विकून टाक. मामा चिडला. जेवण झाल्याझाल्या मशीनवर बसून त्याने कोट पुरा केला होता.

"माप घेऊन शिवलेला कपडा आम्ही दुकानात ठेवत नाही," तो म्हणाला. "ज्याचा त्यानं न्यायचा."

भर उन्हात लोकरी कोट हातावर टाकून मी परत आलो. घरी तो खिळ्याला अडकवला. कपाटही देऊन टाकलंय ना.

असाच बेत आखणाऱ्यांना एकच सांगतो: आधी नियम बघा, मग राजीनामा द्या. आपल्याकडे पेढे आधी वाटतात, तसं मी केलं.

अर्ज न भरता केंद्रातून निघतानाच मी तिकडच्या कंपनीला कळवलं होतं; संध्याकाळी त्यांची मेल आली. झाल्या प्रकाराबद्दल खेद वाटतो. तेच काम, तीच टीम, मात्र बेंगळुरूत बसून आणि इथल्या पगारावर करणार का? शेवटी लिहिलं होतं की पदवीचे कागद पाठवायची गरज नाही.

आई फोनवर म्हणाली, राग शांत झाल्यावर उत्तर दे. मी थांबलो नाही. मामाचा प्रश्न इंग्रजीत लिहिला, खाली माझं नाव घातलं आणि पाठवून दिला. त्याला आज आठ दिवस झाले. एरवी माझ्या मेलला त्यांचं उत्तर तासाभरात यायचं.