वरच्या मजल्याचं लॉक

“दोन वायरी जोडा आणि लिफ्ट सुरू करा. मागे एकानं तसंच करून दिलं होतं,” सुनीताताई म्हणाल्या.

मी तळमजल्यावर लिफ्टच्या दारात उकिडवा बसलो होतो. हातात लॉकचा तुटका हूक. शरणपूर रोडवरचा दुमजली दगडी बंगला. सुनीताताईंच्या आजेसासऱ्यांनी बांधतानाच त्यात लिफ्ट बसवून घेतली होती. सागवानी केबिन, लोखंडी जाळीचे सरकते दरवाजे. सगळं मूळचं.

त्यांचे सासरे वसंतराव वरच्या मजल्यावर राहायचे. अर्धांगवायूनं पाय गेलेले, त्यात आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्या मंगळवारी ते दवाखान्यातून परत आले, वर पोचले आणि थोड्या वेळानं खालचा हूक तुटला. पुढचं डायलिसिस गुरुवारी अकराला.

अशा लिफ्टला प्रत्येक मजल्यावर इंटरलॉक असतं. त्याची कामं दोन. केबिन समोर नसेल तर जाळी उघडू द्यायची नाही, आणि जाळी उघडी असेल तर लिफ्ट हलू द्यायची नाही. ताई म्हणत होत्या तो जंपर. वायरी परस्पर जोडल्या, की जाळी उघडी असो वा बंद, लिफ्ट चालते.

“ताई, खाली तुमची शिकवणी असते. किती मुलं येतात?”

“वीसेक. पण ती लिफ्टकडे फिरकत नाहीत.”

मी आमच्या लिफ्ट कंपनीच्या साहेबांना फोन लावला.

“खैरनार, खालच्याच मजल्याचं लॉक आहे ना? पडून पडून माणूस पडेल कुठे?” साहेब म्हणाले. “जंपर टाका. पार्ट मिळाला की काढा.”

“पडणार नाही साहेब. पण उघड्या जाळीतून कुणी आत डोकावलं आणि वरून केबिन आली तर?”

“पेशंटचं डायलिसिस चुकलं तर ती जबाबदारी कुणाची?”

तरी मी मेन स्विच पाडला आणि ‘लिफ्ट बंद’ची पाटी लावली. सुनीताताई शिकवणीच्या खोलीत गेल्या.

संध्याकाळपर्यंत फोन चालले. लॉक बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. मुंबईच्या जुन्या स्पेअरवाल्याला फोटो पाठवला, तर म्हणाला, “असलं मी शिकाऊ असताना बघितलं होतं.” सातपूरला दोन दुकानं फिरलो. नवं लॉक बसवता आलं असतं, पण त्याची भोकं, उंची, वायरिंग सगळं वेगळं. किमान आठ दिवस.

मग दामूअण्णा आठवले. ओझरच्या विमान कारखान्यात टूलरूममध्ये होते. रिटायर झाल्यावर घराशेजारी शेड घालून एक लेथ टाकला होता. फोनवर म्हणाले, “तुकडे नको आणू नुसते. साबूत नमुना आण. मापं त्याच्यावरून घ्यावी लागतील.”

शाबूत नमुना म्हणजे वरच्या मजल्याचं लॉक. बुधवारी सकाळी मी ते खोलायला गेलो तेव्हा सुनीताताई समोर उभ्या राहिल्या.

“जे चांगलं आहे तेही खोलणार?”

“हो.”

“आणि उद्या अकरापर्यंत झालं नाही तर?”

“तर मी नऊलाच येतो. त्यांना खुर्चीत बसवून जिन्यानं उतरवू.”

वरची जाळी साखळीनं बांधून मी हूक ओझरला नेला. अण्णांनी तो रॉकेलच्या वाटीत बुडवून ठेवला. मग फडक्यानं कोरडा पुसला आणि त्यावर खडू घासला. थोड्या वेळानं पांढऱ्या खडूवर केसासारखी एक काळी रेघ उमटली. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं.

“तुझा नमुनाबी गेल्यालाच हाय,” अण्णा म्हणाले. “बीड हे, वतीव लोखंड. लय वर्सं झाली त्याला. दोन्ही पोलादाचे करतो. पण उद्या दुपारशिवाय नाय.”

मी सकाळचं विचारून पाहिलं. त्यांनी मान हलवली. “घाईत केलं तर हेच परत व्हईल.”

गुरुवारी नऊला मी बंगल्यावर पोचलो. सुनीताताईंचे यजमान, त्यांचा ड्रायव्हर, शेजारचे एक गृहस्थ आणि मी, असे चौघे. वसंतरावांना लाकडी खुर्चीत बसवून चादरीनं बांधलं.

“खैरनार, पुढून तुम्ही धरा,” ते म्हणाले. “लिफ्ट तुम्ही बंद केलीत.”

बारा पायऱ्या नीट उतरलो. वळणावर ड्रायव्हरचा पाय घसरला, खुर्ची तिरपी झाली आणि सगळं वजन माझ्या अंगावर आलं. मी गुडघा भिंतीला रेटून उभा राहिलो. वसंतरावांनी माझी कॉलर घट्ट धरली होती. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. त्या क्षणी मला वाटलं, आपण चूक केली. दोन वायरी जोडल्या असत्या तर हा माणूस आत्ता गाडीत असता.

मागच्या दोघांनी खुर्ची सावरली. पावणेअकराला ते दवाखान्यात होते.

अण्णांचे हूक दीडला हातात आले. वरचा लगेच बसला. खालचा बसला, पण हूक पूर्ण अडकायच्या आधीच लिफ्टला चालायचा इशारा मिळत होता. फरक जेमतेम एक मिलिमीटर. कानस घेऊन घासत बसलो. तेवढ्यात गाडी दारात आली. वसंतराव मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते.

“अजून किती?” सुनीताताईंनी विचारलं.

“दहा मिनिटं.”

मी प्रत्येक जाळी वीस वेळा ओढून पाहिली. रिकामी लिफ्ट चार वेळा वरखाली नेली. मग वसंतराव चाकाच्या खुर्चीतून वर गेले, बरोबर सुनीताताई आणि मी. वरच्या जाळीतून बाहेर येताना त्यांनी कठड्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “मी रोज इथे या जाळीला खुर्ची टेकवून पेपर वाचतो.”

मी जाळी लावून रिकामी केबिन खाली पाठवली आणि खिशातून त्याच जाळीचा जुना हूक काढला. दोन्ही अंगठ्यांनी दाबला. तो चिरेवर मोडला. सुनीताताईंनी दोन्ही तुकडे हातात घेतले आणि जाळीतून खाली पाहिलं. सोळा फूट.

साहेबांना रिपोर्ट दिला. ते “ठीक” म्हणाले. शाबासकी नाही, बोलणीही नाहीत.

तेव्हापासून जुन्या घरात एखादा भाग तुटला, की मी तुटलेला बाजूला ठेवतो आणि त्याच्याच वयाचे, शाबूत दिसणारे भाग आधी तपासतो.