कणसे मॅडमची शिट्टी

कॉम्प्युटर लॅबमध्ये गळ्यात शिट्टी अडकवून फिरणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि त्या शिट्टीचा पहिला बळीही मीच होतो. नेरुळच्या ज्युनियर कॉलेजात रुजू झालो त्याच दिवशी मी चहाचा कप हातात घेऊन ऐटीत सर्व्हरच्या खोलीत शिरलो. मागून अशी काही शिट्टी वाजली की अर्धा चहा शर्टावर.

"गडी बाद!" दारातून आवाज आला. "चहा भायेर. मग तुमी आत."

या कणसे मॅडम. कॉम्प्युटर शिकवण्यात माझ्या वरिष्ठ. मूळच्या साताऱ्याकडच्या, तरुणपणी कबड्डी खेळलेल्या, पुढे सुट्टीच्या दिवशी जुईनगरच्या मैदानावर मुलींच्या सामन्यांना पंच म्हणून उभ्या राहणाऱ्या. एरवी उत्तम प्रमाण मराठीत शिकवायच्या, पण राग आला किंवा माया आली की बोलणं थेट गावाकडे वळायचं. माझ्याशी त्या कायम गावाकडचंच बोलत. त्यात मायेचा भाग किती होता हे मी कधी विचारलं नाही.

जगातली प्रत्येक गोष्ट त्या कबड्डीच्या हिशेबानं समजावून द्यायच्या. कॉम्प्युटर बंद पडला की गडी बाद. व्हायरस आला की "चढाई आली, साखळी धरा." आणि दरवर्षी आमच्या कॉलेजात व्हायची ती आसपासच्या कॉलेजांतल्या मुलांची सायबर सुरक्षेची स्पर्धा म्हणजे त्यांच्या लेखी अस्सल मैदानी सामनाच. आम्ही काही कॉम्प्युटर मुद्दाम कच्च्या कुलपांचे करून ठेवायचो. चार-चार मुलांच्या टीमनं ती कुलपं उघडायची, आत लपवलेले शब्द शोधायचे आणि गुण मिळवायचे. पहिली येणारी टीम पुण्याला राज्याच्या फेरीला जायची. आमची टीम मॅडमनीच तयार केलेली, आणि स्पर्धेच्या मुख्य पंचही मॅडमच. यावर कुठल्याही कॉलेजनं कधी हरकत घेतली नाही. कारण एकदा आमच्याच पोरांनी आपसात जरा मोठ्यानं बोलून शेजारच्या टीमला त्रास दिला, तर मॅडमनी त्यांचे गुण कापले होते आणि आमचा नंबर गेला होता.

स्पर्धा सुरू करण्याआधी त्या नियम वाचत नसत, मैदान आखत. "पोरांनो, कबड्डीच्या मैदानाला दोन्ही अंगाला एकेक पट्टा असतो, लॉबी म्हणतात. झटापट झाली तरच तो पट्टा खेळात. त्याआधी तिथं पाय पडला की बाद, मग कुणी धक्का दिलेला असो की नसो. इथं गुणफलकाचा कॉम्प्युटर, ज्यात सगळी उत्तरं हायत, ही लॉबी. बाकी कुठलंही कुलूप फोडा. लॉबीत पाय न्हाई." मग माझ्याकडे बघून, "आणि सर लोकांनी पोरांच्या मागं उभं राहून 'अरे वा' म्हणायचं न्हाई. 'अरे वा' म्हंजे उत्तर सांगणंच."

हे माझ्यासाठी होतं. मला 'अरे वा'ची सवय आहे.

मी सांगतोय त्या वर्षी आमची टीम खरंच पुण्याला जाणार असं वाटत होतं. कॅप्टन श्रावणी. वडील वाशीच्या बाजारात माथाडी. लेक पुण्याला निघाली हे त्यांनी अख्ख्या गाळ्याला आधीच सांगून टाकलेलं. मॅडमना निवृत्तीला एवढंच वर्ष उरलं होतं, आणि त्यांची एकही टीम अजून पुण्याला पोचली नव्हती. त्या हे बोलून दाखवत नसत, पण श्रावणी सराव करत असली की त्यांची बोटं शिट्टीच्या दोरीशी खेळत राहायची.

आता माझं कर्तृत्व. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी सर्व टीमना 'पासवर्ड कसा नसावा' यावर व्याख्यान दिलं होतं. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिकच दिलं. गुणफलकाचा पासवर्ड 'नेरुळ१२३' असा ठेवला, विसरायला नको म्हणून लॅबच्या फळ्यावर लिहिला, त्याच फळ्यासमोर उभा राहून सेल्फी काढला आणि स्पर्धेच्या ग्रुपवर टाकला. खाली मजकूर, 'रणभूमी सज्ज!' मागे फळा स्वच्छ दिसत होता. माझं अक्षर चांगलं आहे.

स्पर्धा अर्ध्यावर आली तेव्हा आमची टीम दुसरी होती, सीवूड्सची टीम जेमतेम पुढे. आणि श्रावणीनं हात वर केला.

"मॅडम, एक सांगायचंय. सरांच्या फोटोत पासवर्ड होता. आमी फक्त लॉगिन होतं का ते बघितलं. सगळी उत्तरं दिसली. पण एकपण वापरलं नाय. लगेच बंद केलं."

मी फळ्याकडे धावलो आणि डस्टर सापडेना म्हणून शर्टाच्या बाहीनं पुसू लागलो.

"मॅडम, चूक माझी आहे," मी म्हणालो. "पोरांना सोडा."

"तुमची चूक हायच. पण पाय तुमचा न्हाई पडला."

श्रावणीच्या टीममधला एक जण वैतागून म्हणाला, "हॅकिंगच्या स्पर्धेत हॅक केलं म्हणून बाद? हा काय नियम आहे?"

"कबड्डीत पाय ओढायचा असतो. म्हणून तू पंचाचा पाय ओढतोस?"

मॅडमनी शिट्टी तोंडाशी नेली, खाली आणली, पुन्हा नेली. मग वाजवली. आमची टीम बाद झाली.

मी हळूच म्हणालो, "खरं बोलणाऱ्याला बाहेर काढलंत. आता दुसरा कोण हात वर करणार?" त्यांनी सगळ्या लॅबकडे पाहिलं आणि विचारलं, "अजून कुणाचा पाय पडलाय?"

मग सीवूड्सच्या एका मुलानं मान खाली घालून हात वर केला. तेही बाद. दोन्ही टीम बॅगा उचलून निघाल्या आणि मॅडमनी शिट्टीच्या इशाऱ्यानं मलाही त्यांच्या मागोमाग बाहेर धाडलं.

पुण्याला गेली ती तळवलीची टीम. त्यांनी फोटो पाहिलाच नव्हता. माझे मेसेज फार येतात म्हणून त्यांनी ग्रुप म्यूट केला होता.

संध्याकाळी मॅडमनी आमच्या पोरांना मिसळ खायला नेलं. बिल द्यायला मला. श्रावणीनं पावाला हात लावला नाही.

"मॅडम, मी सांगितलंच नसतं तर?"

"तर तू पुण्याला गेली असतीस," मॅडम म्हणाल्या. "आणि मी येड्यासारखी टाळ्या पिटत बसले असते. पंचाला समदं दिसत न्हाई, पोरी. म्हणून तर गड्याला हात वर करावा लागतो."

श्रावणी रडली. मॅडमनी तिचा चष्मा काढून आपल्या पदरानं पुसला, नीट परत घातला आणि तिच्या ताटात तर्री वाढली. त्यांचे स्वतःचे डोळे मात्र त्यांनी आमच्यासमोर पुसले नाहीत.

त्या निवृत्त होऊन गावी गेल्या. तिथे शाळेच्या पोरींना कबड्डी शिकवतात. अधूनमधून मला फोन करतात. 'हॅलो'च्या जागी "फळा पुसला का?" असं विचारतात.

यंदाच्या स्पर्धेला पंच म्हणून मी श्रावणीला बोलावलं. आता ती इंजिनिअरिंगला आहे. तिनं सुरुवातीला लॉबी समजावली, शब्द न् शब्द तोच. स्पर्धा रंगात आली आणि एका मुलीला कुलूप उघडताना पाहून माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे वा!"

शिट्टी वाजली. "सर, बाहेर."

मी व्हरांड्यात येऊन मॅडमना फोन लावला. "मला बाहेर काढलं."

"कुनी?"

"श्रावणीनं."

पलीकडे त्यांनी मैदानावरच्या पोरींना गप्प केलं. मग, "शिट्टी वाजवती का नीट?"

मी फोन खिडकीशी धरला. आत नेमका कोणीतरी गोंधळ घातला असावा. लांबलचक शिट्टी घुमली.

"दम कमी पडतोय जरा," मॅडम म्हणाल्या. "पण वाजवती. वाजवती."